मदत हवी आहे: फर्म निम्मी-निम्मी, उद्यम नोंदणीत एससी. ४ टक्के सरकारी खरेदीत आम्ही बसतो का? (रबाळे)

जय भीम, नमस्कार मंडळी.

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे. केबल ट्रे, पॅनेल बॉक्स, थोडं पावडर कोटिंग. फर्म बाबांची आणि त्यांच्या मित्राची. त्यांना आम्ही काका म्हणतो. दोघं एकाच कंपनीत कामाला होते. ती बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून दोघांनी मिळून शेड घेतली. भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्ये, हिस्सा निम्मा-निम्मा. आम्ही बौद्ध, काका ओपनमधले. हिशेब आणि टेंडर आता मी बघते.

केंद्राचा २०१२ चा खरेदी आदेश आहे, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याच्या (एमएसएमईडी) कलम ११ खाली काढलेला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचं. त्या २५ मध्येच ४ टक्के एससी-एसटी मालकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून.

केंद्राच्या उद्यम पोर्टलवर लघुउद्योग म्हणून नोंदणी बाबांच्या नावावरून झाली, म्हणून प्रमाणपत्रावर प्रवर्ग एससी आला. ते लावून एका सरकारी कंपनीचं टेंडर भरलं. त्यांनी डीड मागवलं आणि बाबांचा हिस्सा निम्माच म्हणून एससी उद्योग धरायला नकार दिला. वर बाबांच्या जातीच्या दाखल्यावर नवबौद्ध लिहिलंय, राज्याच्या नमुन्यातला आहे, तर केंद्राचा आणा म्हणाले. दुसऱ्या एका कार्यालयात ऐकायला मिळालं, "बौद्ध ना? मग अल्पसंख्याक महामंडळाकडे जा." तिथे कर्जाच्या योजना आहेत. मला कर्ज नकोय, टेंडरमध्ये उभं राहायचंय.

केंद्राचंच पोर्टल आम्हाला एससी म्हणतं आणि केंद्राचीच कंपनी नाही म्हणते, हे मला पटत नाही. कर्नाटकाने राज्याच्या सरकारी कामांसाठी खरेदी कायद्यातच १७.१५ टक्के एससी आणि ६.९५ टक्के एसटी कंत्राटदारांना राखून ठेवले. अमेरिकेत अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी १९६९ पासून एक सरकारी यंत्रणा आहे. ती अध्यक्षांच्या आदेशाने सुरू झाली होती, २०२१ मध्ये कायदा करून कायमची केली. आपल्याकडे या सगळ्या खात्यांना एका टेबलावर आणायची जबाबदारी कुणाची?

आणि खरी अडचण घरातली. काकांकडे हिस्सा मागायचा का? बाबांच्या आजारपणात सहा-सात महिने युनिट त्यांनी एकट्याने ओढलं, वाटणी मात्र निम्मीच केली. कायद्याचा लाभ घ्यायला त्यांना कमी करायचं, हे मनाला लागतं. जाणकारांनी कृपया सांगा.

वागळे इस्टेटकर:
ताई, खरेदी विभागाने नियमच लावला. भागीदारी फर्ममध्ये एससी-एसटी भागीदारांचा मिळून किमान ५१ टक्के हिस्सा लागतो. उद्यम स्वतःच्या घोषणेवर होते, तिथे डीड अपलोड करावं लागत नाही.

पण निम्म्या-निम्म्या फर्मलाही बरंच मिळतं. टेंडर फॉर्म फुकट, ईएमडी म्हणजे टेंडरसोबतची अनामत माफ. एल-१ वाला, म्हणजे सर्वात कमी भाव देणारा, सूक्ष्म-लघु नसेल आणि तुमचा भाव त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच वर असेल, तर त्याच्या भावाला येऊन मालाचा काही भाग पुरवायची संधी तुम्हाला द्यावी लागते. काम मिळाल्यावरच्या सिक्युरिटी डिपॉझिटला मात्र माफी नाही. महापालिका आणि सिडकोला हा केंद्राचा आदेश लागू नाही, तिथे राज्याचं खरेदी धोरण.

४ टक्क्यांत एक पळवाट आहे, तीही माहीत असू द्या. एससी-एसटी उद्योगांनी टेंडर भरलं नाही किंवा भावात बसले नाहीत, तर तेवढी खरेदी इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढता येते. म्हणून आपल्या लोकांनी भरत राहणं महत्त्वाचं.

हिस्सा मिळून मोजतात हे लक्षात घ्या. तुम्हीही भागीदार झालात तर बाबा २६, तुम्ही २५, काका ४९. काकांचा एकच टक्का कमी होतो.

कळवा नाका:
दाखल्याचं सांगतो. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. केंद्राच्या नमुन्यात मूळ जात लिहावी लागते, नुसतं नवबौद्ध चालत नाही. अर्ज करताना केंद्राचा नमुना हवा असं स्पष्ट सांगा. १० ऑगस्ट १९५० ला घराणं ज्या जिल्ह्यात राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून दाखला निघतो. गाव सातारा-रत्नागिरीकडचं असेल तर ठाण्यात रांग लावून उपयोग नाही. आजोबांचा शाळेचा दाखला शोधून ठेवा.

ऐरोली सेक्टर ५:
टेबलावर आणणारं कार्यालय म्हणाल तर राष्ट्रीय एससी-एसटी हब. २०१६ मध्ये सुरू झालं, एनएसआयसी, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळ, ते चालवतं. टेंडर भरायला मदत, प्रशिक्षण, मशिनरीवर २५ टक्के अनुदान, हे सगळं त्यांच्याकडे. साकीनाक्याला केंद्राचं एमएसएमई विकास कार्यालय आहे. सरकारी कंपन्यांबरोबरचे व्हेंडर मेळावे कधी आहेत ते तिथे विचारा. शिवाय ‘संबंध’ नावाच्या पोर्टलवर कुठल्या सरकारी कंपनीने एससी-एसटींकडून किती घेतलं ते दिसतं. जी मागे आहे तिच्याच खरेदी विभागाकडे आधी जा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलंच, म्हणजे दाखल्यासाठी कोरेगावला जाते. काल काकांसमोर २६-२५-४९ चा कागद ठेवला. ते म्हणाले, "एक टक्का काय घेऊन बसलीस, पोरगी भागीदार होतेय तर डीड आजच कर." बाबा अजून तयार नाहीत, पण मी बोलेन.

आता एवढंच सांगा: फर्मचा पॅन तोच ठेवून नवा भागीदार घेतला, तर जीएसटी आणि जेमवरची (सरकारी खरेदीचं पोर्टल) दुरुस्ती आधी करायची की उद्यमची? ठाणे किंवा नवी मुंबईत कुणी असं डीड करून घेतलं असेल तर कागद कुठल्या क्रमाने लावले ते कळवा. पुढचं टेंडर महिनाअखेरीला आहे.