मदत हवी आहे : इटलीत लढलेल्या मराठ्यांची कागदपत्रं, आठवणी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नववीच्या मुलांना इतिहास शिकवते. दुसरं महायुद्ध संपवणारी वळणं म्हणून मुलं स्टॅलिनग्राड, नॉर्मंडी, हिरोशिमा धडाधड सांगतात. इटलीचं नाव कुणीच घेत नाही, आणि मला ते फार खटकतं. कारण तिथे आपली माणसं होती!

९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीतली सेनियो नदी. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढलं. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी निकामी केली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्याच दिवशी सुरू झालेल्या दोस्त सैन्याच्या मोठ्या हल्ल्यानं जर्मन फळी फुटली आणि २ मे रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. जर्मनीच्या संपूर्ण शरणागतीच्या आधी!

कुणाच्या आजोबा-पणजोबांनी या आघाडीवर लढाई केली असेल, तर पत्रं, पदकं, पेबुक (सैनिकाची पगाराची वही) यांचे फोटो वर्गात दाखवायला मिळतील का? सेनियोचा मराठीत नकाशा किंवा वर्णन कुठे आहे? खडकीच्या युद्धस्मारकात मुलांना न्यायचंय, परवानगी लागते का? घरच्या ऐकीव आठवणीसुद्धा चालतील, नक्की लिहा.