सह्याद्रीतल्या शांत मुक्कामाच्या आणि चांगल्या मासेमारीच्या जागांची नावे जाहीर करावीत का?

रानपाणी (धागाकर्ते)

डोंगरात तंबू ठोकता येईल, रात्री शांतता मिळेल आणि गळाला मासाही लागेल अशी जागा सुचवा, ही विचारणा थंडी सुरू झाली की हमखास होते. कोणीतरी सद्भावनेने जागेचे नाव, नकाशावरची खूण आणि रस्ता असे सगळेच देऊन टाकतो. हे थांबले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. पवना धरणाचा काठ एके काळी शांत होता. आज तिथे शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात आणि ध्वनिवर्धकांचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या तीरापर्यंत जातो. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रीघ लागते. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचे नाव सर्वतोमुखी झाल्यावर तिथे इतकी झुंबड उडू लागली की पावसाळ्यात प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात.

ज्याला मनापासून जायचे आहे त्याला जागा शोधण्याची रीत सांगावी, आणि ती मी इथे सांगतो. पावसाळा सरला की धरणाचे पाणी हळूहळू उतरू लागते आणि फुगवट्याच्या अरुंद जिभा, म्हणजे उतारांमध्ये शिरलेले पाण्याचे चिंचोळे फाटे, दिसू लागतात. त्यांतली अशी जीभ निवडावी जिच्या टोकाला उन्हाळ्यातही वाहणारा ओढा येऊन मिळतो, कारण तिथले पाणी गार असते, त्यात प्राणवायू अधिक असतो आणि ओढ्याबरोबर किडे-अळ्या वाहत येत असल्याने मासे तिथे चरायला येतात. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) विरळ असतील तिथे काठ सपाट असतो आणि तंबूला जागा मिळते. त्याच्या शेजारीच रेषा दाट झाल्या असतील तर पाणी एकदम खोल होते, आणि गळ टाकायला तीच कड उत्तम. पाण्याखाली गेलेल्या शेतांचे जुने बांध आणि झाडांचे बुंधे हे शिवडा या माशाचे ठिकाण. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चालावे लागत असेल तर गोंगाट करणारे बहुधा तिथवर पोहोचत नाहीत. इतके कष्ट घेणारा माणूस जागा सांभाळतो.

गळकरी

धागाकर्त्यांनी सांगितलेली रीत उत्तम आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. गुप्तता पाळल्याने मासा वाचतो हा समज आहे. ज्या डोहाचे नाव आपण लपवता तो सुरुंग लावणाऱ्याला आणि पाण्यात विष कालवणाऱ्याला आधीपासून माहीत असतो. या दोन्ही प्रकारांना 1897 च्या मत्स्यविषयक कायद्यापासून बंदी आहे, तरीही ते चालतात, कारण त्या वेळी काठावर पाहणारे कोणीही नसते.

याबाबत कर्नाटकातील कावेरीचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. भीमेश्वरी, गालीबोरे आणि दोड्डमकली या मासेमारीच्या शिबिरांची नावे जगभरच्या गळकऱ्यांना ठाऊक होती. महासीर हा नदीतला मोठा मासा गळाला लावायचा, मोजायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा तिथला शिरस्ता होता. गळकऱ्यांकडून आलेल्या पैशातून राखणदार नेमले जात आणि त्यांत पूर्वी चोरून मासे मारणारे स्थानिकही असत. नदीवर रोज कोणाचे तरी पोट अवलंबून होते म्हणून नदीवर रोज कोणाची तरी नजर होती. पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे ही शिबिरांवरची मासेमारी बंद झाली, तेव्हा राखण सैल पडल्याची तक्रार तिथल्या जुन्या गळकऱ्यांनी वारंवार केली. सह्याद्रीत अशी एकही व्यवस्था उभी राहिली नाही, कारण आपण सगळे आपापली जागा खिशात घालून बसलो आहोत.

प्रवराकाठ

मी अकोले तालुक्यातला आहे. आपण दोघेही ही जागा जणू बेवारस आहे आणि तिचे काय करायचे ते पाहुण्यांनी ठरवायचे आहे, अशा रीतीने बोलत आहात, हे नम्रपणे परंतु ठामपणे नोंदवतो.

धरणातल्या मासेमारीचा ठेका असतो आणि बहुतेक ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरून मत्स्यबीज आणते आणि बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडते. आपल्या गळाला लागलेला राहू किंवा कटला बहुधा त्याच बोटुकलीचा वाढलेला मासा असतो, म्हणजे तो कोणाच्या तरी गुंतवणुकीचा भाग असतो. संस्थेला विचारून, पावती घेऊन बसलात तर कोणी अडवत नाही. न विचारता बसलात तर ती चोरीच ठरते, मग आपण मासा परत सोडा अथवा न सोडा. तंबूसाठी आपल्याला आवडणारा तो सपाट काठ पुष्कळदा गाळपेरीची जमीन असते. पाणी उतरल्यावर तिथे हरभरा किंवा भाजीपाला घेतला जातो, आणि उगवलेल्या ओळींवर तंबूच्या खुंट्या ठोकलेल्या मी पाहिल्या आहेत.

शिवाय भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा बराच मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिम तीरालगत कोयना अभयारण्य आणि 2010 पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम आणि मासेमारी दोन्ही वर्ज्य आहेत, आणि नवख्या माणसाला केवळ नकाशावरच्या समोच्च रेषा पाहून हद्द कळत नाही. नाव लपवण्याऐवजी हे सांगितले असते तर अधिक उपयोग झाला असता.

डोहकाठची

नाव जाहीर झाल्यानेच जागा बिघडते हे खरे मानले, तर वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे आणि महाडजवळ वाळण येथे मासे कसे टिकले? दोन्ही ठिकाणी देवाचे मासे म्हणून महासीर राखलेले आहेत. लोक काठावरून त्यांना खाऊ टाकतात आणि भलेमोठे मासे अगदी पायांशी येतात. पाणी नितळ असेल तर त्यांच्या जाड ओठांलगतच्या मिशांच्या दोन जोड्या आणि नाण्याएवढे खवले सहज दिसतात. या डोहांची नावे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहेत आणि गळ मात्र कोणी टाकत नाही.

आणखी एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घ्यावी. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर चढतात. चढणीचे मासे धरण्याची कोकणातली आवड जुनी आहे, परंतु मौजेखातर आलेल्या गळकऱ्याने जून ते ऑगस्ट हे महिने तरी सोडून द्यावेत, मग जागेचे नाव जाहीर असो वा नसो.

रानपाणी

पावतीबद्दल आणि गाळपेरीबद्दल प्रवराकाठ यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. रीत सांगताना तो भाग आधी यायला हवा होता. मूळ मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. तिळसे आणि वाळण येथे देवस्थान आहे, शेजारी गाव आहे आणि डोहावर दिवसभर नजर आहे. ज्या जागा शांततेसाठी शोधल्या जातात तिथे वस्तीच नसते, म्हणून तिथे ही राखण आपोआप उभी राहत नाही.

कावेरीच्या उदाहरणालाही दुसरी बाजू आहे. गळकऱ्यांना मोठा मासा मिळावा या हेतूनेही तिथे बाहेरून निळ्या परांचा महासीर सोडण्यात आला, आणि त्यामुळे कावेरीचा मूळचा कुबडा महासीर मागे पडला असे अभ्यासकांचे मत आहे. 2018 मध्ये त्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्या सोडलेल्या माशांच्या बीजाचा एक उगम आपल्याच लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटांच्या केंद्रात आहे, जिथे 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास होते. ते काम मोठे आहे आणि मला त्याविषयी आदर आहे, तथापि ज्या नदीचा मासा त्याच नदीत सोडावा हा विचार नामांकित जागांच्या हौसेपुढे टिकला नाही.

गळकरी

बाहेरचे बीज सोडणे ही चूक होतीच, परंतु राखणदार नेमणे ही चूक नव्हती, आणि मी दुसऱ्या गोष्टीविषयी बोलत होतो. जिथे मच्छीमार संस्था पावती देते, गावात जेवणाची सोय होते आणि हद्द अभयारण्याबाहेर आहे, अशाच जागा नावानिशी सांगाव्यात, असे माझे म्हणणे आता मी मर्यादित करतो. प्रवराकाठ यांना विनंती आहे की आपल्या भागातली एखादी संस्था गळकऱ्यांना दिवसाची पावती देण्यास तयार असेल, तर तिला विचारून, तिच्या अटींसह, ते इथे लिहावे. बाकीच्या जागांविषयी मी तूर्त काही लिहिणार नाही.