गुणसूत्रांचे 'विभाजन' की 'विलगन'?

प्रश्न : यीस्टमधील अर्धगुणसूत्री विभाजनावरील (मायोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) मजकुरात 'गुणसूत्रांचे विभाजन', 'पृथक्करण' आणि 'विलगीकरण' हे तिन्ही शब्द आढळतात. ते समानार्थी समजावेत का?

उत्तर : समजू नयेत. विभाजन पेशीचे किंवा केंद्रकाचे होते. तोच शब्द गुणसूत्रांना लावला की प्रत्येक गुणसूत्र दुभंगते असा अर्थ निघतो आणि या विभाजनाच्या दोन फेऱ्यांपैकी पहिल्या फेरीत तर तसे घडतच नाही. त्या फेरीत सजातीय जोडीतील (दोन्ही जनकांकडून एकेक आलेली) दोन गुणसूत्रे परस्परांपासून दूर जातात, प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रे (क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राचे दोन जुळे धागे) मात्र गुणसूत्रबिंदूपाशी (सेंट्रोमिअर, म्हणजे ते धागे जोडलेले असतात ती जागा) बांधलेलीच राहतात आणि दुसऱ्या फेरीत सुटतात. 'पृथक्करण' म्हटल्यावर घटक वेगळे करून तपासणे मनात येते आणि 'विलगीकरण' आता रुग्णांना चिकटले आहे. म्हणून 'विलगन' मला सर्वांत निर्दोष वाटतो.

यीस्टमधील नियंत्रण पाहिले की हा भेद किती महत्त्वाचा आहे ते कळते. अर्धगुणसूत्रांना बांधून ठेवणारे कोहेसिन हे कड्यासारखे प्रथिनसंकुल असून या विभाजनात त्यात आरईसी८ हा खास घटक असतो. सेपरेज हे विकर (एन्झाइम) तो घटक कापते आणि योग्य वेळ येईपर्यंत सेक्युरिन हे प्रथिन त्या विकराला रोखून धरते. पहिल्या फेरीत गुणसूत्रांच्या भुजांवरचे आरईसी८ कापले जाते. गुणसूत्रबिंदूजवळचे वाचते, कारण शुगोशिन हे प्रथिन तेथे फॉस्फेट काढून टाकणारे विकर आणून ठेवते आणि फॉस्फेट नसलेले आरईसी८ सेपरेजला सहजी कापता येत नाही. (शुगोशिन म्हणजे जपानीत रक्षक देवता, २००४ मध्ये दिलेले हे नाव भाषांतर न करता तसेच ठेवावे.)

पुढचा प्रश्न : 'अर्धगुणसूत्री' विभाजनात 'अर्धगुणसूत्रे' वेगळी होतात, असे म्हणणे मग चूक ठरेल का?

उत्तर : अपुरे ठरेल. 'अर्धगुणसूत्री' हे विशेषण संख्येविषयी आहे : मुकुलन करणाऱ्या यीस्टमध्ये ३२ गुणसूत्रांची १६ होतात, दुभंगून वाढणाऱ्या यीस्टमध्ये ६ची ३. 'अर्धगुणसूत्र' म्हणजे डीएनएची प्रत निघाल्यानंतरच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी एक. संख्या निम्मी होते ती पहिल्याच फेरीत, म्हणजे अर्धगुणसूत्रे अजून एकत्र असताना. दोन्ही संज्ञा एकाच परिच्छेदात येणार असतील, तर दुसरीसाठी मी बेधडक 'क्रोमॅटिड' लिहितो. 'मुकुलन करणाऱ्या यीस्टमध्ये मोनोपोलिन या प्रथिनसंकुलामुळे पहिल्या फेरीत दोन्ही जुळी क्रोमॅटिड एकाच ध्रुवाकडे ओढली जातात', या वाक्यात वाचक कोठेही अडखळत नाही.