मदत हवी आहे: फोनवर शिकवताना मुलाचं नेमकं कुठे अडलंय हे कसं ओळखायचं? (तिसरी-चौथी, खेड्यातली शाळा)

नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरी सहकारी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन्ही वर्ग मिळून २५ मुलं. इथे बरीच शिक्षक मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारते आहे.

आधी परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, शाळा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या विलगीकरणासाठी दिली होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका वर्गाचं छप्पर गेलं. वाडीत विजेचे खांब आडवे झाले. वीज परत यायला जुलै उजाडला, आणि अजूनही ती दिवसभर राहील याचा भरवसा नाही. रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, मिळते. अशात शाळा सुरू झाली, म्हणजे वर्ग बंद आणि शिक्षण सुरू.

२५ पैकी ९ मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. बहुतेक घरांत साधा बटणांचा फोन. दोन घरांत तोही नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो, आणि सध्या लावणीचे दिवस असल्यामुळे आई-वडील दोघंही शेतात. मी तालुक्याच्या गावी राहते. ग्राम कृती दलाने (कोरोनासाठी नेमलेल्या गावच्या समितीने) बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घातली आहेत आणि त्यांची भीती मला पटते. त्यामुळे वाटेल तेव्हा वाडीत जाता येत नाही.

व्हॉट्सॲप गट केला आहे. एससीईआरटीची (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची) ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज पुढे पाठवते. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप कसं वापरायचं ते पालकांना सांगितलं, पुस्तकातले क्यूआर कोड दाखवले. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सुरू झालीय. ज्यांच्याकडे टीव्ही आहे ती मुलं वीज असली की बघतात. म्हणजे मुलांपर्यंत काही ना काही पोचतं आहे.

माझी अडचण वेगळी आहे. मुलांकडून माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही.

एक उदाहरण देते. तिसरीला हातच्याची वजाबाकी घेते आहे. ५२ वजा २७. वर्गात असताना मी मुलाच्या मागे जाऊन उभी राहते. पेन्सिल आधी कुठे टेकते, बोटं मोजतो का, पाच खोडून चार करतो का, हे सगळं दिसतं. एखादं मूल ३५ लिहितं. ते का लिहितं हेही तिथल्या तिथे कळतं: दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन काढले, मोठ्यातून लहान, आणि पुढे गेलं. त्या क्षणी त्याच्यासमोर काड्यांचा एक गठ्ठा सोडला की पाच मिनिटांत गाठ सुटते.

आता गटावर वहीचा फोटो येतो. उत्तर २५. सगळ्यांचं २५. अक्षर कुणाचं आहे ते मला ओळखता येतं, कधी आईचं, कधी मुंबईहून आलेल्या दादाचं. आयांना मी दोष देत नाही. दिवसभर चिखलात वाकून आल्यावर मुलाची वही पुरी करून फोटो पाठवतात, यात किती माया आहे. पण मुलाला हातचा कळला की नाही हे मला त्या फोटोतून कळत नाही, आणि पुढचा भाग सुरू करायची माझी हिंमत होत नाही.

वाचनाचंही तेच. चौथीतली एक मुलगी फोनवर धडा घडाघडा म्हणून दाखवते. मला दाट शंका आहे की तिला तो पाठ आहे, कारण मधली एक ओळ वाच म्हटलं की ती पहिल्यापासून सुरू करते.

वरून रोजचा अहवाल द्यावा लागतो: किती लिंक पाठवल्या, किती मुलं जोडली गेली. तो मी देते. ‘किती मुलांना समजलं’ असा रकाना त्यात नाही, आणि मला झोप लागत नाही ती त्या रकान्यामुळे.

तर माझे प्रश्न:

फोनवरून, तोही साध्या फोनवरून, मूल कसा विचार करतंय हे जाणून घ्यायची काही रीत तुमच्यापैकी कुणी वापरली आहे का?

ज्या दोन घरांत फोनच नाही, त्यांचं काय करायचं?

आणि मोठ्यांनी मदत करावी पण उत्तर लिहून देऊ नये, हे पालकांना न दुखावता कसं सांगायचं?

गूगल मीट, झूम वगैरे सुचवू नका, ते इथे चालत नाही.

— सड्यावरची शाळा

प्रतिसाद: पाटी-पेन्सिल

ताई, मी नंदुरबारकडे आहे. आमच्याकडेही रेंजची हीच बोंब. मी काय करते ते सांगते.

साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल लागतो. आपल्या फोनवरून चार-पाच जणांना एकत्र जोडता येतं, समोरच्याकडे कुठला फोन आहे याने फरक पडत नाही. त्यांच्याकडे रेंजची एक काडी असली तरी पुरते, नेट लागत नाही. मी संध्याकाळी सात ते आठ ही वेळ धरली आहे, कारण तेव्हा माणसं घरी येतात. एका गटाला पंधरा-वीस मिनिटं, रोज दोन गट. त्याहून जास्त ताणू नका, मुलं कंटाळतात आणि घरच्यांनाही फोन हवा असतो. ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्येही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली आहेत, तेव्हा कमी वेळ घेतला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

गट करताना हुशार-कच्चे असं बघू नका. शेजारी राहणारी मुलं एका गटात घ्या. एकाचा फोन बंद असला तर ते दुसऱ्याच्या पडवीत जाऊन बसतं. तुमच्या बिनफोनच्या दोन घरांचंही यातच जमेल.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

बाई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. उत्तर बरोबर आलं तरी मूल कुठे आहे हे शोधत राहणं हेच आपलं काम, आणि तुम्ही ते अशा दिवसांतही सोडलेलं नाही.

माझी सूचना एवढीच की गणितं सोडवायला देऊ नका. सोडवलेली गणितं द्या, आणि ती चुकीची द्या. ‘एका मुलाने ५२ वजा २७ केलं आणि ३५ आलं. त्याचं काय चुकलं ते मला फोनवर समजावून सांग.’ असं विचारलं की मोठ्यांना लिहून द्यायला काही उरत नाही, मुलाला बोलावंच लागतं. ज्याला हातचा कळला आहे ते मूल सांगेल, ‘दोनातून सात जात नाहीत, दशक फोडायला पाहिजे होतं.’ ज्याला कळलेलं नाही ते म्हणेल, ‘बरोबर तर आहे.’ त्या एका वाक्यात तुम्हाला हवं ते मिळतं. आणि दुसऱ्याची चूक शोधायला मुलांना फार आवडतं, स्वतःची दाखवायला लाज वाटते.

तीन-चार प्रकारच्या चुका निवडा. मोठ्यातून लहान वजा केलेली एक. दशक फोडलं पण कमी करायचं विसरलं, म्हणजे ३५ आलं पण वेगळ्या कारणाने, ती दुसरी. हे दोन प्रकार शेजारी शेजारी ठेवून विचारा: उत्तर तेच आहे, चूकही तीच आहे का? चौथीच्या मुलांना विचारून बघा, रंगतात. शून्य असलेली संख्याही एक हवी, ६० वजा २४ सारखी. तिथे बरीच मुलं शून्यातून चार गेले म्हणून चारच लिहितात.

प्रतिसाद: घरचा अभ्यास

मी शिक्षक नाही, पालक आहे. मुलगा तिसरीत, आम्ही डोंबिवलीला. पालकांना कसं सांगायचं याबद्दल लिहिते.

आम्ही उत्तर लिहून देतो कारण आम्हाला वाटतं चुकलेली वही पाठवली तर बाईंना वाटेल घरात कुणी लक्ष देत नाही. आमच्या बाईंनी एकदा गटावर आवाजी निरोप टाकला: ‘मला चुकलेली वही पाठवा. चूक दिसली की मला पुढचं शिकवता येतं. खोडरबर वापरू नका.’ त्यानंतर आम्ही सगळेच सैल झालो. तुम्हीही लिहून न सांगता बोलून सांगा. ज्यांना वाचायची सवय नाही त्यांच्यापर्यंतही जातं, आणि आवाजातली आपुलकी कळते.

आईला एखादं वेगळं काम द्या. ‘तो गणित करताना तोंडाने काय म्हणतो ते ऐका आणि मला सांगा.’ हे मला स्वतःला जमलं, आणि मी त्याच्या वहीला हात लावायचं थांबवलं.

प्रतिसाद: तिसरी ब

वाचनाबद्दल: पाठ झालेल्या धड्याऐवजी घरात जे छापलेलं आहे ते वाचून घ्या. कॅलेंडरच्या मागचं पान, खताच्या पिशवीवरचा मजकूर, बिस्किटाच्या पुड्यावरचा पत्ता. ‘तुझ्या घरात तेलाची पिशवी आहे का? आण, त्यावर काय लिहिलंय ते वाच.’ हे कुणाचंच पाठ नसतं. अडखळतं कुठे तेही लगेच कळतं. माझ्या वर्गात जोडाक्षरांवर अडखळणारी मुलं मला अशीच सापडली.

दीक्षावरचे व्हिडिओ तालुक्याच्या गावी डाउनलोड करून ठेवा. एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात, आणि दुसऱ्याच्या फोनमध्येही नेटशिवाय देता येतात. वाडीतल्या एकाच्या फोनमध्ये दिले तरी पुरे.

प्रतिसाद: सड्यावरची शाळा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. खरंच एकटं वाटत होतं.

सर, तुमची चुकीच्या गणिताची रीत मी कालच करून पाहिली. पाटी-पेन्सिल ताईंनी सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी कॉन्फरन्स कॉल लावला, खालच्या वाडीतली चार मुलं. ५२ वजा २७ बरोबर ३५, काय चुकलं? तिघं म्हणाली, ‘बाई, बरोबर हाय.’ ही तीच मुलं ज्यांच्या वहीत २५ होतं. चौथा गप्प होता. मग म्हणाला, ‘बाई, सत्तावीस आणि पस्तीस मिळवले तर बावन्न होत नाय, बासष्ट होतात.’ मी त्याला हे शिकवलेलं नाही. मुंबईहून आलेला आहे, त्याचं नाव अजून तिकडच्या शाळेच्याच पटावर आहे, इथे तो नुसता बसतो. आता तो त्या तिघांना पडवीत समजावणार आहे.

लगेच सगळ्यांना घरातून काड्या आणायला सांगितल्या. इथे झाडू हिरांचे (माडाच्या झावळीतल्या काड्यांचे) असतात, त्यामुळे हीर प्रत्येक घरात मिळतो. तुकडे करायचे, दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधायचे. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सत्तावीस बाजूला काढ म्हटल्यावर फोनमधून आधी शांतता, मग एकीचा आवाज: ‘बाई, सात सुट्या नायत. गठ्ठा सोडू?’ मला तेवढंच ऐकायचं होतं. बाकीच्या दोघांचं अजून नक्की नाही, पण निदान कुणाचं नाही ते आता मला माहीत आहे.

फोन नसलेल्या दोन घरांबद्दल: त्यातलं एक खालच्याच वाडीत आहे, ते मूल कॉलच्या वेळी शेजारी बसेल. दुसरं घर पार डोंगराच्या पायथ्याशी एकटं आहे, शेजार नाही. तिथे कॉलचा उपयोग नाही. याला काय करावं?

प्रतिसाद: पाटी-पेन्सिल

पोषण आहाराचा शिधा वाटता ना? आमच्याकडे तांदूळ-डाळ न्यायला पालक शाळेत येतात. त्याच दिवशी वही बदला. प्रत्येक मुलाच्या दोन वह्या करायच्या. एक तुमच्याकडे तपासायला, एक मुलाकडे. पालक शिधा न्यायला आले की जुनी वही देतात, नवी नेतात. नव्या वहीत तुम्ही हाताने चार चुकीची गणितं, एक वाचायचा उतारा आणि दोन ओळींचं पत्र लिहा. मूलही उत्तराचं पत्र लिहील. वाटप रोज नसतं, पण एका मुलासाठी मधल्या काळात पोस्टमन, आशाताई, दूधवाला, कुणीतरी त्या बाजूला जातंच. आशाताईंना विचारा, त्यांना घरोघर जावंच लागतं आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास असतो. त्यांच्यावर कामाचा भार आधीच फार आहे, तेव्हा फक्त एक वही, जाता येता, एवढंच मागा.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक

त्या मुंबईच्या मुलाचं नाव हजेरीत नसलं तरी त्याच्यासाठीही वही करा.

आणि एक सांगायचं राहिलं. यंदाचा (२०२०-२१) अभ्यासक्रम २५ टक्के कमी झाल्याची यादी आली आहे. तुमच्या दोन्ही वर्गांची आधी नीट बघून घ्या. जे वगळलं आहे त्याचा वेळ हातच्याला द्या.

प्रतिसाद: सड्यावरची शाळा (धागाकर्ती)

आशाताईंशी बोलले. त्या हो म्हणाल्या, डोंगराकडच्या घरी त्यांची फेरी असतेच. सव्विसावी वही मुंबईच्या मुलाची. शिध्याचं वाटप पुढच्या आठवड्यात आहे, तोवर सगळ्या वह्या लिहून व्हायला हव्यात.

वजाबाकीची चुकीची गणितं मी करते आहे. चौथीच्या भागाकारात मुलं कुठकुठे चुकतात याचे नमुने कुणाकडे असतील तर इथे टाका. विशेषतः भागाकारात मधलं शून्य लिहायचं राहतं, तशी दोन-तीन हवी आहेत. ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ येतं तसली.