मालवणात स्कूबाच्या बोटींवर मर्यादा हवी की नको?

खाडीकाठ
या मे महिन्यात आठ दिवस देवबागला आजोळी राहून आलो. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. पर्यटकांना स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्यासाठी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर दिवसाला किती बोटी न्यायच्या, याचा आकडा ठरवून दिला पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालंय.

किल्ल्याभोवती पाण्याखाली कातळ पसरलाय. लाटा त्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत राहतं आणि तिथे प्रवाळ धरतं. १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं ते अशाच समुद्रासाठी. मी उतरलो तिथे आमच्या बोटीचा नांगर थेट खडकावर पडला. मासे गोळा व्हावेत म्हणून गाइडने पाव कुस्करून टाकला आणि फोटोसाठी मला खडक धरायला सांगितलं. मी धरलाही. हाताखाली जिवंत प्रवाळ होतं हे वर आल्यावर कळलं, त्याची अजून लाज वाटते.

दुसरं पाण्याचं. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेच आपल्या विहिरीत येतं. पर्यटकांच्या खोल्यांसाठी उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. आजोळच्या विहिरीचं पाणी मी लहानपणी ओंजळीने प्यायलोय, या मेमध्ये ते मचूळ लागलं.

तारकर्लीची सून
तुमची कळकळ समजते, पण मर्यादा घातली की पहिला फटका कोणाला बसेल? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधी आमच्या घराघरात मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरची वाट बघितली जायची. आज माझे दीर परत येऊन बोट चालवतात, मी न्याहारी निवास चालवते. घावणे आणि सोलकढी करून दोन मुलींची शिक्षणं झाली.

आणि धंदा बाराही महिने असतो असं समजू नका. पावसाळ्यात समुद्र बंद, किल्ल्याची होडीसुद्धा बंद. कमाई होते ती दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. त्यात २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा किती दिवस अंधारात काढले ते आम्हालाच ठाऊक. त्या मोजक्या दिवसांवर तुम्ही आकडा लावणार?

रापणकार
माझो झील स्कूबाच्या बोटीर आसा. माझ्या बापाशीन रापण, म्हणजे किनाऱ्यार ओढून घेवचा मोठा जाळा, ओढली, मियाय ओढलंय. रापणीक पन्नास माणसा लागत, आता पंधरा मेळणत नाय. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या गोल जाळ्यांच्या यांत्रिक बोटवाल्यांनी, दर्यात मासोच ठेवक नाय, मगे झिलान काय करूचा? २०१६ साली सरकारान तेंच्यार बंधना घातली, तरी तेंचे दिवे रात्री दिसतत.

अभयारण्य झाला तेवा आमका कोणी इचारूक नाय, म्हणान आमी इरोध केलो. आताय तसाच करशात तर तसाच होतला. मर्यादा घाला, पण आमका बसवन घाला. तुमी चार दिवस येतास आणि जातास, आमका बारा म्हयने हयच रवाचा आसा.

निळाई_पुणे
मी स्कूबा डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि मालवणला चारदा उतरलोय. मला आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची वाटते. ज्याला तिथे सरसकट स्कूबा म्हणतात, त्यात गाइड आपल्याला पाठीमागून धरून थोड्या खोलीवर फिरवतो. पोहता न येणारी माणसंही उतरतात. त्यामुळे घाबरून पाय झाडणं आणि खडकावर उभं राहणं हे ठरलेलंच.

उपाय अवघड नाहीत. खडकांजवळ कायमचे तरंगते बोये बसवायचे आणि बोटींनी नांगर न टाकता त्यांना दोर बांधायचा. जितके बोये, तितक्याच बोटी एका वेळी. पावावर पूर्ण बंदी. तारकर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, गाइडांना तिथला दाखला सक्तीचा करा.

चिवल्याचा वारा
पण हे करणार कोण? मालवण नगरपरिषदेची हद्द शहरापुरती. तारकर्ली आणि देवबागला ग्रामपंचायती. बोटींचे परवाने मेरीटाइम बोर्डाकडे, अभयारण्य वनखात्याकडे. पर्यटकाला हे सगळं एकच मालवण दिसतं, कागदावर त्याचे चार तुकडे आहेत. आधी हे चौघे एका टेबलाशी बसू देत.

खाडीकाठ
बोयांचं पटलं. आकडा त्यातून आपोआप ठरतो आणि कुणाची बोट कायमची बंद पडत नाही. रापणकारांचंही पटलं, मी मच्छीमारांना विचारण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही ही माझी चूक. पण पाण्यावर कोणीच बोललं नाही. प्रवाळ वाचलं आणि विहिरी गेल्या, तर देवबागात राहणार कोण?

तारकर्लीची सून
पाण्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझ्या चार खोल्या, तरी मेअखेरीस मला टँकर मागवावा लागतो. पण मग आकडा लावायचाच तर बोटींवर नको, खोल्यांवर लावा, आणि सुरुवात बाहेरून जमिनी घेऊन पोहण्याचे तलाव बांधणाऱ्यांपासून करा. समुद्र हातभर अंतरावर असताना वाळूतलं गोडं पाणी उपसून तलाव कशाला भरायचा? बोटींच्या बाबतीत मात्र माझं मत बदललेलं नाही.