मराठी ब्लॉगवर प्रकल्प : नमुना किती, जतन कसं?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)
एम.ए. मराठी, दुसरं वर्ष. नवमाध्यमांच्या पेपरला चार क्रेडिटचा प्रकल्प आहे. विषय : सातारा जिल्ह्यातल्या गडांवरचं मराठी ब्लॉगलेखन. हातात आठ आठवडे. ब्लॉग किती घ्यावेत? प्रतिक्रिया धराव्यात का? आणि संदर्भ दिलेलं पान उद्या उडालं तर?

हळदपेठ (सांगली)
ब्लॉग मोजू नका, नोंदी मोजा. एखाद्या ब्लॉगवर दोनशे नोंदी असतात, त्यांतल्या गडावरच्या चारच. एकट्याने नीट वाचायला ६० नोंदी पुरे. एका ब्लॉगवरून सहाच्या वर घेऊ नका, नाहीतर एकाच भटक्याची शैली सगळ्या निष्कर्षांवर बसते.

शोधताना गडाची दोन्ही नावं टाका. कल्याणगड म्हणजेच नांदगिरी, वासोटा म्हणजेच व्याघ्रगड. एकाच नावाने शोधलंत तर निम्मं लेखन हाती लागणारच नाही.

निवड झाली की त्याच दिवशी जतन करा, विश्लेषण मागाहून. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जतन करणारं संकेतस्थळ) ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाका, मिळालेला दुवा आणि तारीख तक्त्यात लिहा, शिवाय पीडीएफ स्वतःकडे ठेवा. मोबाइलवरून उचललेल्या ब्लॉगरच्या (गूगलची ब्लॉगसेवा, पत्त्यात ‘ब्लॉगस्पॉट’ असतं) पत्त्याला शेवटी ‘?एम=१’ चिकटलेलं असतं. ते काढा, नाहीतर एकच नोंद दोनदा मोजाल. जुन्या लेखांतले ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’चे दुवे आता चालत नाहीत, कारण ते डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून गेलं. ‘इन’च्या जागी ‘कॉम’ टाकून बघा. ब्लॉग काढून टाकला नसेल तर उघडेल.

प्रतिक्रियांचा मजकूर जरूर घ्या, पण त्यांच्या संख्येवरून वाचकवर्ग ठरवू नका. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम बंद झालं आणि त्यामार्फत ब्लॉगरवर दिलेल्या प्रतिक्रियाही गेल्या. आज रिकामी दिसणारी नोंद तेव्हा गाजलेली असू शकते.

माहुली_संगम
वरचं सगळं पटलं. शब्दमोजणी करणार असाल तर एक खड्डा सांगून ठेवते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो : कुणी खालच्या टिंबाचा ऱ वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मोजणीत मात्र दोन वेगळे शब्द होतात. म्हणून आधी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच रूप करा. फायली यूटीएफ-८ मध्येच (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) ठेवा. अँटकॉंक हे शब्दमोजणीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर शब्दाच्या व्याख्येत अक्षरांबरोबर ‘मार्क’ हा वर्गही धरलाय ना ते तपासा. तो नसेल तर काना-मात्रा सुटतात आणि ‘किल्ला’चे तुकडे यादीत येतात.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)
दोघांचेही आभार. प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं छापायची का?

हळदपेठ (सांगली)
नाही. प्र१, प्र२ असे क्रमांक द्या. पण तेवढ्याने भागत नाही : वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं की ते शोधयंत्रात टाकून माणूस सापडतो. म्हणून प्रतिक्रियांचा आशय स्वतःच्या शब्दांत मांडा. ब्लॉगलेखकाचं वेगळं, त्याने नावानिशी लेखन प्रसिद्ध केलंय, तर श्रेय नावानिशीच द्यायला हवं. लांब उतारा घ्यायचा असेल तर आधी त्याला मेल करा, आणि हे पहिल्याच आठवड्यात करा. जुने ब्लॉगर उत्तर द्यायला वेळ लावतात.