अमेरिकी विद्यापीठांतले कोच आणि त्यांचे पगार: बाजारभाव की उधळपट्टी?

मुळाकाठ:
अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा (अमेरिकी) फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल कोच निक सेबन यांना शेवटी वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरच्या वर मिळत होते. समर्थक म्हणतात, हा पैसा टीव्ही आणि तिकिटांतून येतो, शिक्षणाला तोशीस नाही. खरंय का हे? पगारावर मर्यादा का घालत नाहीत? आणि इथून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांच्या फीतून यातलं काही जातं का?

खतावणी:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. जातं, पण सगळीकडे सारखं नाही. विद्यापीठाच्या साइटवर ट्यूशन सोडून 'मँडेटरी फी'ची फोड बघा. त्यात 'ॲथलेटिक्स' ही ओळ दिसली की समजा. स्टेडियमचं तोंड न पाहणाऱ्या एमएसच्या मुलालाही ती सहसा चुकत नाही. बिग टेन, एसईसी या सगळ्यात श्रीमंत कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट; त्यांना टीव्हीचे पैसे मिळतात, त्यामुळे तिथे ही ओळ छोटी असते किंवा नसतेच. बोचते ती मधल्या फळीत. व्हर्जिनियाने २०१५ मध्ये कायदा करून क्रीडा विभागाच्या उत्पन्नात फी आणि अनुदानाचा वाटा किती असावा ते ठरवलं: मोठ्या कॉन्फरन्सवाल्यांना २० टक्के, त्याखालच्या फुटबॉलवाल्यांना ५५. पंचावन्न टक्के, आणि याला म्हणायचं मर्यादा!

'तोशीस नाही' हे मूठभरांपुरतं खरं. विद्यापीठीय खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्याच आकड्यांनुसार २०१९ मध्ये सर्वांत श्रीमंत ६५ पैकी २५ क्रीडा विभागांचं उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होतं.

कलमकसाई:
मर्यादा घालून झाली आहे. १९९१ मध्ये एनसीएएने एका प्रकारच्या सहायक कोचचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधला. कोच कोर्टात गेले. सगळ्या विद्यापीठांनी मिळून पगार ठरवणं म्हणजे स्पर्धाविरोधी संगनमत, असं १९९८ मध्ये अपील कोर्टानेही मान्य केलं आणि पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. तेव्हापासून त्या वाटेला जायला विद्यापीठं कचरतात.

'बाजारभाव' हा शब्द मात्र जपून वापरा. मैदानावर घाम गाळणाऱ्यांची मजुरी वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीपलीकडे फारशी जाऊ दिली नाही, तर उरलेला पैसा कुठे जाणार होता? कोच, सहायक आणि लॉकर रूम. खेळाडूंनी केलेल्या दाव्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठाला थेट खेळाडूंना पैसे देता येतात. पहिल्या वर्षाची कमाल सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, तीही सगळ्या खेळांच्या सगळ्या खेळाडूंत मिळून. एकट्या बड्या कोचचा पगार त्याच्या निम्मा.

खतावणी:
आणि पगारापेक्षा करार वाचा. सरकारी विद्यापीठाचा करार बहुतेक राज्यांत माहिती कायद्याखाली मागवता येतो. मूळ पगार काही लाखांचाच दिसेल. खरी रक्कम 'टॅलेंट फी', माध्यम हक्क अशा नावांखाली असते, म्हणून बेरीज स्वतः करा. मग हकालपट्टीचं कलम: उरलेल्या मुदतीच्या पगाराची किती टक्के हमी, आणि दुसरीकडे नोकरी मिळाली तर ती कमाई वजा होते का? हे वजावटीचं वाक्य नसलं की संपलं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिंबो फिशरना काढलं, तेव्हा सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं निघालं: ६० दिवसांत १ कोटी ९२ लाख, पुढे २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. करारात वजावट नव्हती. बाजाराने हा भाव लावला असं कसं म्हणायचं? दुसरा कुणी पळवेल या धास्तीने २०२१ मध्ये मुदत वाढवली, त्याची ही किंमत.

मुळाकाठ:
कुलगुरूंच्या पगाराचंही असंच?

कलमकसाई:
आकडे लहान, गंमत तीच. खासगी विद्यापीठाने तीन गोष्टी पाळल्या की करखातं पगार 'वाजवी' धरून चालतं: हितसंबंध नसलेली समिती, तुलनेचे आकडे आणि वेळच्या वेळी केलेली नोंद. तुलनेला कोणती विद्यापीठं घ्यायची ते समितीच ठरवते. आपला माणूस सरासरीखालचा आहे असं कोणती समिती लिहील? प्रत्येक जण वरच्या निम्म्यात बसू बघतो, आणि पुढच्या वर्षी ती रेघच वर सरकलेली असते.

खतावणी:
तुलनेची यादी मिळाली तर आधी त्यातल्या विद्यार्थिसंख्या बघा. वीस हजारांच्या विद्यापीठाने साठ हजारांची घेतलेली असतात.